जुना संगणक चालेल, उतरण चालणार नाही!

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव जिल्ह्यात एक दृश्य हमखास दिसते. परंडा, भूम, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, कुठेही जा. महा ई-सेवा केंद्रासमोर नाहीतर नेट कॅफेसमोर पोरापोरींची रांग लागलेली असते. हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. वसतिगृह, स्वाधार, परीक्षा फी, नोकरीची जाहिरात, हॉल तिकीट, सगळे पडद्यावर. पोर सकाळी एसटीने तालुक्याला येते, दिवसभर रांगेत उभे राहते, सर्व्हर डाऊन म्हणून संध्याकाळी परत जाते. रोजगार बुडवून बरोबर आलेला बाप किंवा आई केंद्राच्या पायरीवर बसून राहते.

शेवटी अर्ज भरला जातो, पण तो भरतो कोण? केंद्रचालक. त्याच्यामागे पन्नास जण खोळंबलेले. तो घाईत बटणे दाबतो. कुठला पर्याय निवडला, कुठला कागद चढवला, हे पोराला दिसतही नाही. चूक झाली तर चूक त्याची, नुकसान मात्र आपल्या पोराचे! पूर्वी खेड्यातला अडाणी माणूस तलाठ्यापुढे, सावकारापुढे अंगठा उठवत होता. कागदावर काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते. आज त्याचा बारावी पास नातू केंद्रचालकाच्या पडद्यासमोर तसाच उभा आहे. अक्षरशत्रुत्व संपले असे आम्ही म्हणतो. ते संपलेले नाही, त्याने रूप बदलले आहे.

ही गोष्ट खेड्यापुरतीच आहे असे कुणी समजू नये. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली, पण ऑनलाइन फी भरताना कार्ड चालले नाही आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयात जावे लागले तेव्हा प्रवेश मिळाला. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित रोजंदारी मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्यामुळे गेली. पैसे जमवता जमवता उशीर झाला आणि पोर्टल बंद झाले. त्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच जागा मिळवून दिली. हे दोघे दिल्लीपर्यंत पोचले म्हणून देशाला कळले. जे तालुक्याच्या नेट कॅफेतूनच परत फिरले त्यांची मोजदाद कोण करणार?

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भारतातील फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरांत हेच प्रमाण २३.४ टक्के होते. संगणक चालवता येणाऱ्यांचे प्रमाण खेड्यांत दहा टक्क्यांच्याही आत होते. मग कोरोना आला. दीड वर्ष शाळा बंद राहिल्या आणि सरकारने ऑनलाइन शिक्षणाचा डंका वाजवला. ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत केलेली पाहणी सप्टेंबर २०२१ मध्ये पुढे आली, तेव्हा त्या डंक्यातील हवा निघाली. पाहणीतील ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुले केवळ ८ टक्के होती. त्यातही ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण ४ टक्के आणि इतरांत १५ टक्के होते. म्हणजे एकाच गावात, एकाच शिवारात, पडद्यापर्यंत पोचण्याची वाट जातीप्रमाणे रुंद किंवा अरुंद होत होती. गावकुसाबाहेरची वस्ती इंटरनेटच्या नकाशावरही गावकुसाबाहेरच राहिली.

कुणी म्हणेल, आता घरोघरी मोबाइल आलेत की! आलेत. पण मोबाइलवर पाहता येते, ऐकता येते. प्रकल्प लिहिता येत नाही, तक्ता मांडता येत नाही, प्रोग्राम शिकता येत नाही, दहा पानांचा अर्ज धड भरता येत नाही. घरातला एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला असेल तर पोरीने काय करावे? ज्यांची मुले लॅपटॉपवर बसून कोडिंग शिकतात तेच लोक आपल्या मुलांना सांगतात की मोबाइल पुरेसा आहे. हा सल्ला वाचकांनी तपासून घ्यावा.

धाराशिव म्हणजे पूर्वीचे उस्मानाबाद. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर आहे आणि पाचांतील चार माणसे खेड्यांत राहतात. २०१८ साली केंद्राने जे आकांक्षित जिल्हे जाहीर केले त्यात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्याबरोबर हा जिल्हा आहे. आकांक्षित हा गोड शब्द. सरळ मराठीत त्याचा अर्थ मागे ठेवलेला!

तिकडे ढिगारे, इकडे दुष्काळ

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. पुण्या-मुंबईच्या कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालये तीन-चार-पाच वर्षांत संगणक बदलतात. संगणक बंद पडलेला असतो म्हणून नव्हे, हिशेबाच्या वहीत त्याची किंमत शून्यावर आलेली असते म्हणून. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ साठी लागणारी चिप जुन्या यंत्रांत नाही. या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक निकालात निघतील असा अंदाज कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. चालती यंत्रे, पण कागदावर मेलेली!

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इ-कचरा निर्माण झाला. त्यातील २२.३ टक्के कचऱ्याचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०२१-२२ मध्ये सुमारे १६ लाख टन इ-कचरा निघाला. ज्याची नोंद नाही तो कचरा जातो कुठे? तो भंगारात जातो. तिथे तो कोण फोडतो? वायर जाळून तांबे कोण काढते? सर्किट ॲसिडमध्ये बुडवून सोन्याचा कण कोण शोधते? शहरातील झोपडपट्टीतला दलित, मुसलमान, भटका-विमुक्त माणूस आणि त्याची बाया-पोरे. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, जुन्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो, जळत्या वायरीतून डायऑक्सिनसारखे विष निघते. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये इशारा दिला की जगभर अनौपचारिक कचरा क्षेत्रात काम करणाऱ्या १ कोटी २९ लाख स्त्रियांना या विषाचा धोका संभवतो, आणि त्यांच्या पोटातल्या बाळांनाही.

मराठवाड्याला हे परके नाही. दुष्काळाने पाठ धरली तेव्हा मराठवाडा आणि सोलापूर भागातून पुण्याला गेलेल्या कितीतरी आयाबहिणी शेवटी कचऱ्याच्या ढिगावर पोचल्या. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत सर्वाधिक संख्या दलित स्त्रियांची आहे. त्या बायांनी संघटनेच्या बळावर ओळखपत्र मिळवले आणि कचरा वेचणे हे काम आहे, भीक नव्हे, हे महापालिकेकडून मान्य करून घेतले. ही लढाई आपल्या चळवळीने डोळ्यापुढे ठेवली पाहिजे.

म्हणजे गणित असे आहे. संगणक नवा असतो तेव्हा तो आपल्या पोराच्या वाट्याला येत नाही. तो कचरा होतो तेव्हा आपल्याच आयाबहिणींच्या वाट्याला येतो. वापरण्याचा मान त्यांचा, फोडण्याचा मान आमचा! ही वाटणी कुणा एका अधिकाऱ्याने बसून केलेली नाही. ती हजारो वर्षांची सवय आहे आणि नव्या यंत्रालाही ती बरोबर लागू पडली आहे.

मार्ग आहे, पण अट आहे

यावर एक साधा उपाय जगभर चालू आहे. टाकून दिलेला पण दुरुस्त होणारा संगणक गोळा करायचा, नीट करायचा आणि ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचा. कचरा कमी होतो, शाळेला यंत्र मिळते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात असे दिसले की काचेच्या मॉनिटरसह एक संगणक बनवायला सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. आजचे पडदे पातळ झाले, आकडे बदलले असतील, पण मुद्दा तोच आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मोजून मिळतो त्या जिल्ह्याला दीड टन पाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चालता संगणक आणखी पाच वर्षे चालवणे म्हणजे एवढे इंधन आणि एवढे पाणी वाचवणे.

पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ही संस्था 'ई-यंत्रण' या नावाने मोहीम चालवते. नागरिकांकडून जुनी विद्युत आणि संगणकीय उपकरणे गोळा केली जातात, दुरुस्त होणारे संगणक नीट करून गरजू शाळांना दिले जातात आणि उरलेला माल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातो. काम चांगले आहे. असे काम धाराशिवपर्यंत यावे, इथे रुजावे, अशी आमची इच्छा आहे.

पण चळवळीच्या वाचकाच्या मनात इथे एक शंका उठते, आणि ती उठलीच पाहिजे. जुने, वापरलेले, दुसऱ्याने टाकलेले आम्ही का घ्यावे? आमच्या आज्यापणज्यांनी उतरण नेसली, शिळे-उष्टे खाल्ले, मेलेले ढोर ओढले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जुने कपडे द्यावेत असे सांगितले आहे आणि चांडाळाला तर मेलेल्याच्या अंगावरचे कपडे आणि फुटकी भांडी. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे टाका, स्वाभिमानाने जगा असे सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ती मनुस्मृती जाळली. मग शंभर वर्षांनी आमच्या पोरांनी कंपनीची उतरण डोक्यावर घेऊन नाचायचे काय?

या शंकेचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत सापडते. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि बाबासाहेब स्वतः तिला आले होते. वतन म्हणजे काय होते? गावाची रात्रंदिवस चाकरी, आणि बदल्यात कुणाच्या तरी मर्जीने मिळणारे बलुते. मजुरी ठरलेली नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, नाही म्हणण्याचा हक्क नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी बिल मांडले होते. त्यांचा रोख भाकर शिळी की ताजी एवढ्यापुरता नव्हता. भाकर मर्जीची की हक्काची, हा त्यांचा सवाल होता.

आणि याच बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. जुनी, दुसऱ्याने वाचून विकलेली पुस्तके. ती उतरण होती काय? मुळीच नाही. ती त्यांनी स्वतः निवडली, स्वतःच्या पैशाने घेतली, स्वतःच्या कामासाठी घेतली. वस्तू जुनी असल्याने माणूस लहान होत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, अशा व्यवहाराने तो लहान होतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जुना संगणक चालेल, पण उतरण म्हणून नव्हे. तो आमच्या अटींवर, आमच्या हाताने दुरुस्त होऊन, हक्काच्या नोंदीने आला पाहिजे.

दान नेमके कुठे फसते?

दानात आलेल्या संगणकांचे पुढे काय होते हे ग्रामीण शाळा पाहिलेल्या कुणालाही विचारा. टेम्पोतून दहा संगणक येतात. हार, नारळ, फलक, साहेबांचे भाषण, वर्तमानपत्रात फोटो. दहांपैकी तीन पहिल्याच दिवशी सुरू होत नाहीत. दोन महिन्यांनी आणखी चार बंद. दुरुस्तीला पैसा नाही, माणूस नाही, आणि मुख्याध्यापकांना धास्ती वेगळीच. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेले, त्याला हात लावला आणि काही झाले तर जबाबदार कोण? मग खोलीला कुलूप. कुलूपबंद खोलीत संगणक धूळ खातात आणि कंपनीच्या अहवालात मात्र दहा संगणक आणि तीनशे लाभार्थी कायमचे जिवंत राहतात. कंपनी कायद्याने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे. त्या दोन टक्क्यांत यंत्र बसते, फलक बसतो, दुरुस्ती करणाऱ्या पोराचा पगार मात्र बहुतेक वेळा बसत नाही.

सरकारी योजनेची कथाही फार निराळी नाही. आयसीटी योजनेत शाळांत संगणक कक्ष आले, कंत्राटी संगणक शिक्षक आले. पाच वर्षांचा करार संपला, शिक्षक घरी गेले आणि कक्ष अनाथ झाले. २०२३-२४ च्या यूडायस अहवालाप्रमाणे देशातील ५७.२ टक्के शाळांतच संगणक आहेत. मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारे पोर कुठल्या गटात असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

या अनुभवातून एकच गोष्ट शिकायची. यंत्रापेक्षा यंत्र दुरुस्त करणारा हात महत्त्वाचा. ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या हातात यंत्राचे आयुष्य!

दुरुस्ती म्हणजे काही जादू नव्हे

संगणक दुरुस्ती हे इंजिनिअरांचेच काम आहे असा एक बागुलबुवा उभा केला आहे. प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांचा संगणक "स्लो झाला" म्हणून टाकला जातो तेव्हा बहुतेक वेळा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली की तेच यंत्र पळू लागते. पंख्यात साचलेली धूळ काढणे, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलणे, बटणाएवढा सेल बदलणे, पॉवर सप्लायमधील फुगलेला कॅपॅसिटर ओळखणे, एवढे आयटीआयचा पोरगा किंवा पोरगी काही आठवड्यांत शिकते. जे यंत्र अजिबात उठत नाही त्याचे भाग दुसऱ्याला लागतात. तीन बंद संगणकांतून दोन चालू निघतात हा या धंद्याचा रोजचा अनुभव आहे.

विंडोज नसेल तर काय, असे विचारतात. लिनक्स आहे. ती मोफत आहे, मुक्त आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. केरळने सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आणि तेथील 'लिटल काईट्स' उपक्रमात शाळेतली मुलेच हार्डवेअरची कामे शिकतात. केरळच्या मुलाला जमते ते कळंबच्या मुलीला का जमू नये? लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक येतो. बालभारतीची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एकदा उतरवून घेतले की रेंज नसलेल्या वस्तीतही ते प्रत्येक संगणकावर असतील. विहारातल्या एका टेबलावर एवढे ग्रंथालय मावते!

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. देणाऱ्याची माहिती डिस्कवरून कायमची पुसली गेली पाहिजे आणि तसे लेखी दिले पाहिजे. या भीतीपोटीच अनेक कार्यालये चांगली यंत्रे फोडून टाकतात. दुसरे, फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप आणि काचेचा जुना मॉनिटर घ्यायचाच नाही. तो दान नव्हे, आपल्या दारात आणून टाकलेले विष आहे.

कायदा काय म्हणतो?

इ-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या नियमांत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला स्वतंत्र स्थान आहे. त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावयाची असते. वर्षात एक हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकाने आपला इ-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा आहे. म्हणजे उद्या भंगाराचा मोठा माल कायद्यानेच नोंदणी असणाऱ्याकडे जाणार. ज्यांच्याकडे भांडवल आहे, सनदी लेखापाल आहे, पोर्टल भरायला माणूस आहे, ते नोंदणी करतील. ज्याने तीस वर्षे हातांनी हे काम केले तो बेकायदा ठरेल! कामातले विष आजवर आमच्याकडे होते. आता त्यात नफा दिसू लागल्यावर आम्हाला बाहेर काढू नका, एवढेच नव्हे, आम्हाला मालकी द्या, अशी मागणी झाली पाहिजे.

याच नियमांत राज्य सरकारवरही जबाबदारी आहे. इ-कचरा सुटा करणाऱ्या कामगारांची ओळख व नोंदणी करणे, त्यांचे गट उभे करायला मदत करणे, कौशल्य प्रशिक्षण देणे, त्यांच्या आरोग्यावर आणि सुरक्षिततेवर दरवर्षी लक्ष ठेवणे, औद्योगिक वसाहतीत जागा राखून ठेवणे. हे कागदावर आहे. कागदावरचे मागून घेतल्याशिवाय मिळत नाही हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

आपण काय मागायचे, काय करायचे?

सरकारकडे मागण्या सरळ आहेत. जिल्ह्यातील सर्व सरकारी कार्यालये, बँका आणि महाविद्यालयांत निर्लेखनासाठी पडून असलेल्या संगणकांची यादी जाहीर करा. भंगाराच्या लिलावाआधी त्यातील दुरुस्त होणारी यंत्रे मागासवर्गीय वसतिगृहांना, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या निवासी शाळांना आणि गावोगावच्या अभ्यासिकांना नोंद करून द्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये दुरुस्ती केंद्र काढा. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दरवर्षी अखर्चित राहतो किंवा भलतीकडे वळतो अशी ओरड आहे. त्यातून एसएसडी, रॅम आणि दुरुस्ती करणाऱ्या तरुणांचे मानधन द्या. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. त्यांनी हे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग करावा.

देणाऱ्या कंपन्यांना आपल्या अटी सांगायच्या. यंत्र चालू स्थितीत आणि तपासून द्या. किमान एक वर्षाची हमी द्या. यंत्र पुढे कायमचे बंद पडले की ते परत नेऊन अधिकृत पुनर्प्रक्रियेला देण्याची लेखी जबाबदारी घ्या, नाहीतर पुण्याचा कचरा धाराशिवला हलवला एवढेच होईल. यंत्राबरोबर दुरुस्तीचा खर्च द्या. आणि मुलांना रांगेत उभे करून, हातात लॅपटॉप देऊन फोटो काढू नका. आमची मुले तुमच्या अहवालाचे मुखपृष्ठ नाहीत.

आता स्वतःकडेही वळू. पुण्या-मुंबईत, हैदराबाद-बंगळुरूत आयटी कंपन्यांत काम करणारी आपली मुले आज हजारोंनी आहेत. आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, बाबासाहेबांच्या पुण्याईने ती तिथे पोचली. त्यांच्याच कंपनीचे लॅपटॉप दर चार वर्षांनी भंगारात जातात. त्यांनी एक अर्ज लिहावा, एक संचालक गाठावा, सुटीत गावी येताना चार पोरांना लिनक्स टाकायला शिकवावे. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आणि १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातून किती एसएसडी येतील याचा हिशेब जयंती मंडळांनी एकदा करावा. हे सांगितले की काहींना राग येतो. येऊ द्या. मिरवणूक जरूर काढा, पण मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी विहाराचे कुलूप उघडून तिथे पोरांना बसायला एक टेबल, एक संगणक मिळाला पाहिजे.

त्या संगणकावर पहिला हक्क मुलींचा असावा. मुलगा तालुक्याच्या नेट कॅफेत रात्री आठपर्यंत बसू शकतो, मुलीला दिवेलागणीच्या आत घरी यावे लागते. वस्तीतच, आयाबायांच्या नजरेसमोर संगणक असेल तरच तिचा अर्ज तिच्या हाताने भरला जाईल. दुरुस्ती शिकवतानाही मुलींना पुढे करा.

आणखी एक धोक्याचा इशारा. संगणक दुरुस्ती, इ-कचरा वेगळा करणे हे काम "तुमच्याच लोकांना चांगले जमते" असे म्हणत उद्या फुकटात किंवा किरकोळ मजुरीवर आपल्या माथी मारले जाईल. झाडू असाच आपल्या हातात आला होता. म्हणून सुरुवातीपासून सहकारी संस्था, बचत गट किंवा नोंदणीकृत संस्था आपली हवी, दर ठरलेला हवा, हातमोजे-मास्क हवेत, हिशेबाची वही आपल्या हातात हवी. दुरुस्ती हा धंदा व्हावा. ते वतन होता कामा नये.

वाचकहो, कसबे तडवळ्याच्या परिषदेला जमलेल्या आपल्या पूर्वजांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही मर्जीची भाकर आणि हक्काची भाकर यातला फरक त्यांना नेमका कळत होता. त्यांच्या पणतवंडांनी तोच फरक संगणकाच्या बाबतीत ओळखायचा आहे. येत्या प्रवेशाच्या हंगामात आपल्या वस्तीतील एक तरी मूल आपला अर्ज आपल्या हाताने, आपल्या विहारात, आपल्या पोरांनी दुरुस्त केलेल्या यंत्रावर भरील, एवढा संकल्प आज करू. एका वस्तीत झाले की शेजारची वस्ती विचारायला येईल. चळवळ अशीच वाढत आली आहे.

जय भीम!